दंडाचा पट्टा

थोरलीचं माझ्याशी जमायचं, कारण मी तिच्या घरातली नव्हते. दुसरं काही कारण नव्हतं. स्वभावानं मीही काही साखर नाही, आणि तिला तर माणसं बघूनच तिडीक यायची.

माझं शिवणकामाचं दुकान आणि त्यांची बेकरी समोरासमोर, मधे एवढासा रस्ता. त्या घरात दोन भाऊ आणि दोन जावा, म्हणून सगळी गल्ली एकीला थोरली म्हणायची आणि दुसरीला धाकटी. त्यांची खरी नावं त्यांच्या नवऱ्यांनी तरी शेवटची कधी घेतली होती कोण जाणे.

थोरली लग्न होऊन आली तेव्हा सासरा भट्टीवर होता. त्यानं तिला मळायला शिकवलं. लाकडाची भलीमोठी काथवट, तिच्यात मैद्याचा ढीग, आणि त्यावर ओणवी झालेली ही. सासरा गेला, पण पुढं काथवटीला तिनं दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. नवरा भट्टी बघायचा, दीर गाडीतून माल पोचवायचा, पण पाव चांगला झाला तर तो तिचा आणि बिघडला तर भट्टीचा, असा तिचा सरळ हिशेब होता. तिचे कपडे मीच शिवायची. उजव्या बाहीला डाव्या बाहीपेक्षा जास्त कापड सोडावं लागायचं. मी एकदा तसं बोलून दाखवलं तर म्हणाली, "डाव्यानं मी फक्त गिऱ्हाइकं हाकलते."

ते खरंच होतं. कुणी पाव ताजा आहे का म्हणून अंगठ्यानं दाबून बघितला की ती तो त्याच्या हातातून हिसकावून घ्यायची आणि त्याला दिवसभर काही विकायची नाही. लोक तरी तिथंच यायचे, कारण पाव खरंच चांगला असायचा. पण तिच्याशी गोड बोलायला कुणी थांबत नसे.

मग धाकटी आली. ती दुकानदाराची मुलगी, बोलण्यात चलाख, हातापायाला उसंत नाही. तिला बेकरी मोठी करायची होती. हॉटेलांची कामं घ्यायची होती, आणि त्या सगळ्याला थोरलीचे दोन हात पुरणार नव्हते. तिनं आल्या आल्या हे सांगितलं, तेही जेवताना, सगळ्यांसमोर. थोरली ताटावरून उठली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं, ते पुढं कित्येक वर्षं तसंच राहिलं.

म्हणजे बोलायच्या, पण एकमेकींशी नाही. एकाच खोलीत, हातभर अंतरावर उभ्या राहून थोरलीच्या नवऱ्याकडे बघायच्या. "तिला सांगा, मीठ संपलंय." "त्यांना सांगा, मीठ कालच आणलंय." तो बिचारा मधे उभा. गल्ली त्याला गरीब गाय म्हणायची. कधी आवाज चढवला नाही, कधी कुणाची बाजू घेतली नाही. दोन जावांच्या जात्यात सापडलेला माणूस म्हणून बायका त्याच्याबद्दल हळहळायच्या. मीसुद्धा हळहळले आहे. दोघी एकमेकींवर डोळे लावून बसल्या की त्याच्याकडे बघायला कुणाला वेळच उरत नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

शेवटी धाकटीनं मळायचं मशीन आणलंच. लोखंडी मोठं भांडं आणि त्यात फिरणारा वाकडा जाड दांडा. ते बसवलं काथवटीच्या अगदी समोर. त्याचं बटण मात्र भिंतीपलीकडे, मैद्याच्या कोठीत, कारण वायर तिथूनच आली होती. थोरली महिनाभर त्या मशीनकडे पाठ करून मळत राहिली. मग हॉटेलांचं काम वाढलं आणि काथवट मागं पडली. ती मशीनजवळ उभी राहायची आणि भांड्यात हात घालून प्रत्येक घाण्याला नावं ठेवायची. हे चिवट झालंय, हे कच्चं राहिलंय.

त्या सकाळी तिनं असाच हात घातला होता. मशीन बंद होतं. कोपरापर्यंत हात आत, खालचा गोळा चाचपून बघत होती, आणि दांडा फिरला.

मी दुकानाची फळी काढत होते. ती किंकाळी मला अजून नीट सांगता येत नाही. मी धावत रस्ता ओलांडला तेव्हा धाकटी कोठीतून बाहेर येऊन दोन्ही हातांनी वायर भिंतीतून उपटत होती. मशीन थांबलं. थोरलीचा नवरा माझ्या मागोमाग पुढच्या दारानं आत आला. दीर गाडीतून उतरून आला. सगळ्यांनी मिळून हात सोडवला. मनगट आणि कोपराच्या मधे जिथं वळायला नको तिथं तो वळला होता.

शुद्ध हरपायच्या आत थोरलीनं एकच वाक्य म्हटलं, आणि ते पहिल्यांदाच थेट धाकटीच्या तोंडावर म्हटलं. "तू कोठीत होतीस."

धाकटी म्हणाली, मी बटणाला हात लावला नाही. ते तिनं त्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं, दवाखान्यात येऊन सांगितलं. पण कोठीत तीच होती, बटण कोठीत होतं, आणि दोघींचं वैर गल्लीतल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. कुणी विश्वास ठेवला नाही. मीही नाही. बायका तिच्याकडून पाव घेताना तिच्या हाताकडे बघायच्या. तिचा नवरा मान खाली घालून गाडी भरायचा.

थोरलीच्या हातात धातूच्या दोन पट्ट्या आणि एक मूठभर स्क्रू घातले. पुढं प्लास्टर. ते निघालं तेव्हा मी बरोबर होते, कारण घरातलं कुणी बरोबर यायला तिला चालत नव्हतं. प्लास्टरच्या आतून जो हात निघाला तो तिचा नव्हताच. दंड एखाद्या आजारी माणसाचा असावा तसा, कातडी सैल, मूठ वळत नव्हती. ती त्याच्याकडे अशी बघत होती की जणू कुणीतरी परका माणूस येऊन तिच्या मांडीवर बसला आहे.

हाडांच्या डॉक्टरनं सांगितलं, हाड जुळतंय पण कच्चं आहे. किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही. तिनं विचारलं, मग ताकद कशी येणार? तो म्हणाला, त्यासाठी खाली व्यायामाच्या खोलीत पाठवतो.

ती खोली तळघरात होती. रबराच्या चटयांचा आणि मलमाचा वास. भिंतीला आरसे, एका कोपऱ्यात एक म्हातारा चेंडू दाबत बसलेला. तिथली बाई तिशीची असेल. बारीक अंगाची, केस घट्ट बांधलेले, हसणं जवळजवळ नाहीच. तिनं थोरलीचा हात उलटसुलट करून बघितला, मापं घेतली आणि दंडाच्या मुळाशी एक रुंद पट्टा गुंडाळला. त्याला नळी, नळीला हवा भरायचं यंत्र. पट्टा फुगला. मनगटावर तिनं एक छोटी दांडी टेकवली, त्यातून रक्ताचा हुश्शहुश्श आवाज येत होता. पट्टा फुगत गेला तसा आवाज मंदावला आणि बंद पडला. मग तिनं हवा सोडून पट्टा साधारण निम्म्यावर आणला. आवाज परत आला, पण दबका.

"काय करतेस हे?" थोरलीनं विचारलं. वयानं लहान कुणालाही ती अरेतुरेच करायची.

"रक्त अडवते. सगळं नाही, थोडं. आत जाईल, पण बाहेर यायला अडखळेल. आता हे उचला." आणि तिच्या हातात एक चिमुकलं वजन दिलं. खेळण्यातलं वाटावं असं.

थोरली म्हणाली, असल्या वजनानं माझी करंगळीही सुधारायची नाही. बाई म्हणाली, उचला तर खरं. पहिल्या दहाबारा वेळा तिनं ते असं उचललं की जणू त्या बाईचा अपमानच करते आहे. मग तिचा वेग कमी झाला. मग श्वास जड झाला. हात लालजांभळा पडला, शिरा वर आल्या, आणि त्या एवढ्याशा वजनानं तिच्या कपाळावर घाम आला. आग होतेय, म्हणाली. बाई म्हणाली, व्हायलाच पाहिजे. थोरलीनं तिला एक अशी शिवी दिली जी मी इथं लिहिणार नाही. बाईनं घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाली, थोडं थांबा, मग पुन्हा.

बाहेर आल्यावर थोरलीनं तिला नाव ठेवलं, पट्टेवाली. कचेरीतल्या शिपायाला म्हणतात तसं. शेवटपर्यंत तिनं दुसरं नाव घेतलं नाही, आणि तिच्या तोंडावरही तेच म्हणायची.

मला वाटलं ती परत जाणार नाही. पण ती गेली. एक दिवसाआड, न चुकता. मी दुकान बंद करून तिच्याबरोबर जायची, आणि माझी किती गिऱ्हाइकं परत गेली हे तिनं कधी विचारलंही नाही.

एके दिवशी पट्टेवालीनं तिच्या दंडावर आणि कोपराखाली गोल चिकट पट्ट्या लावल्या. त्यांना वायरी, वायरी एका पडद्याला जोडलेल्या. स्नायू कामाला लागला की त्यात बारीकशी वीज खेळते, ती पडद्यावर दिसते, असं तिनं सांगितलं. आधी पट्टा न बांधता वजन उचलायला लावलं. पडद्यावरची रेघ जराशी थरथरली, बस. मग पट्टा फुगवून तेच वजन. सुरुवातीला रेघ तेवढीच. पण हात भरत आला, आग व्हायला लागली, तशी रेघ दाट झाली, उंच झाली, शेवटी पडदाभर दाटीवाटीनं उभ्या रेघा.

थोरली वजन खाली ठेवायचं विसरून बघत राहिली. "हे माझं आहे?" तिनं विचारलं.

पट्टेवालीनं तेव्हा जरा सविस्तर सांगितलं. स्नायू म्हणजे दोऱ्यांची जुडी. रोजच्या हलक्या कामाला बारीक दोरे पुरतात. जाड दोरे आळशी, ते जड काम पडल्याशिवाय उठत नाहीत. आणि तुमच्या हाडाला जड काम चालणार नाही. पण रक्त अडवलं की बारीक दोरे लवकर दमतात, मग हलक्या वजनालाही जाड दोऱ्यांना उठावं लागतं. हाताला वाटतं आपण गोणी उचलतोय. हाडाला ते कळतही नाही.

"म्हणजे हाताला फसवायचं," थोरली म्हणाली.

"तसं म्हणा."

त्या दिवशी परत येताना तिचा चेहरा मी आधी कधी बघितला नव्हता तसा होता. आनंद म्हणता येणार नाही. एखाद्याला शत्रूच्या घराची वाट सापडावी, तसं काहीतरी.

कारण तिला हात कशासाठी हवा होता हे तिनं लपवलं नव्हतं. पट्टेवालीनं विचारलं होतं, तुम्हाला नेमकं काय करता यायला हवंय, पेशंट सांगतात, भांडी घासणं, केस विंचरणं, त्याप्रमाणे मी व्यायाम ठरवते. थोरली म्हणाली होती, मला एकीच्या थोबाडीत द्यायचीय. याच हातानं. अशी की तिला आयुष्यभर ऐकू येत राहावी.

पट्टेवाली शांतपणे म्हणाली, "त्याला फार स्नायू लागत नाहीत, काकू. डाव्या हातानंही जमेल."

"डाव्यानं नाही. जो मोडला त्यानंच."

घरी तिचं दुसरंच जग चाललं होतं. ती वरच्या खोलीत बसायची, खालून मशीनची घरघर यायची, आणि ती जमिनीवर पाय आपटायची. धाकटी जेवणाचं ताट पायरीवर ठेवून जायची. ही ते नवऱ्याच्या हातून परत पाठवायची. तिच्या हातचं विष मला नको. तो ताट खाली न्यायचा आणि काय सांगायचा कोण जाणे. दोघींचे निरोप तोच पोचवत होता, नेहमीसारखा, हळू आवाजात.

घाई तिला नडली. एक दिवसाआडचा पट्टा तिला पुरेना. तिला वाटलं, त्यात एवढं काय आहे, आवळायचं आणि उचलायचं. तिनं नवऱ्याचा कमरेचा चामडी पट्टा दंडाला गुंडाळला, दातांनी ओढून घट्ट केला आणि लोखंडी इस्त्री उचलायला लागली. हात बधिर झाला तेव्हा तिला वाटलं, जाड दोरे उठले. तिनं पट्टा बराच वेळ तसाच ठेवला. सोडला तेव्हा बोटं निळी होती, आणि मनगट खाली लोंबत होतं. ते वर उचलताच येईना.

मी तिला रिक्षात घालून नेलं. पट्टेवालीनं हात बघितला, दंडावरचा चामड्याचा वळ बघितला, आणि त्या बारीक अंगाच्या बाईचा आवाज तळघरभर घुमला. ती काय काय बोलली ते सगळं मला आठवत नाही. मी मोजून मापून हवा भरते ती काय हौस म्हणून? रुंद पट्टा काय शोभेला आहे? नस दाबली गेलीय, मनगट परत उठेल की नाही हे मला सांगता येणार नाही. चेंडू दाबणारा म्हातारा चेंडू हातात तसाच धरून ऐकत होता. थोरलीनंही तोंड सोडलं. दोघी एकमेकींवर ओरडत राहिल्या आणि मी मधे उभी, थोरलीचं लोंबणारं मनगट धरून.

शेवटी पट्टेवाली खाली बसली आणि म्हणाली, "मला एकच सांगा. तुम्हाला हात हवाय की सूड?"

"दोन्ही."

"दोन्ही मी नाही देऊ शकत. हात देईन, जर माझं ऐकणार असाल. नाहीतर ते दार."

मला वाटलं आता ही उठते. पण थोरली बसून राहिली. ती कुणाचं ऐकून बसून राहिल्याचं मी बघितलेलं ते पहिलंच उदाहरण.

पुढं काही आठवडे पट्टा बंद. मनगटाला आधाराची पट्टी, आणि बोटं नुसती हलवायचा प्रयत्न. रोज ती मनगटाकडे रागानं बघायची आणि ते तिचं ऐकायचं नाही. मग एका सकाळी ते जरासं उठलं. पट्टेवालीनं मान डोलावली, तेवढंच. पुन्हा पट्टा सुरू झाला, पुन्हा तोच घाम, तीच आग, त्याच शिव्या. एकदा तिला मळायला चिकणमातीसारखा रबरी लगदा दिला तर म्हणाली, याला मळणं म्हणत असशील तर मी तुमच्या दवाखान्यात पाव खाणार नाही. पण मळला. दंड हळूहळू भरत गेला. पहिल्याइतका नाही, पण पट्टेवाली मान्य करील इतका. डॉक्टरनं एक्स-रे काढून बघितला, हाड पक्कं झालं होतं. आता जपून काम करायला हरकत नाही, म्हणाला.

तिनं जपून करायचं ठरवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली उतरली. तिनं मला बोलावलं होतं, पाव घ्यायला ये म्हणून, आणि कशाला बोलावलंय हे मला कळत होतं. अडवायला हवं होतं म्हणाल तर, थोरलीला अडवून बघा.

बेकरीत पहिला माल निघत होता. थोरलीचा नवरा लांब दांड्याचं लाकडी फावडं घेऊन भट्टीसमोर, दीर दारात गाडी लावून, धाकटी ट्रे पुसत. थोरली सरळ तिच्यासमोर गेली. धाकटीनं बघितलं आणि तिला कळलं. ती मागं सरली नाही. ट्रे खाली ठेवला.

चपराकीचा आवाज मोठा झाला. धाकटीची मान वळली, ओठ दातावर आपटून फुटला. दीर एक पाऊल पुढं आला आणि थांबला. धाकटीनं फडक्यानं रक्त पुसलं.

"झालं?" ती म्हणाली. "आता ज्यानं बटण दाबलं त्याच्याकडे वळा, जाऊबाई."

थोरली म्हणाली, खोटं बोलू नकोस. धाकटीचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, मी पोत्यांमागे वाकून मैदा काढत होते. बटणाचा आवाज ऐकला. मान वर केली तर कोठीत कुणी नव्हतं, आणि कोठीचं मागचं दार हलत होतं. या घरात भट्टीची लाकडं आणायला त्या दारानं एकच माणूस येतो-जातो. मी हे माझ्या नवऱ्याला त्याच दिवशी सांगितलं. तो म्हणाला, दादाचं नाव घेतलंस तर माहेरी जा. दीर दारातून रस्त्याकडे बघायला लागला.

सगळ्यांनी भट्टीकडे बघितलं. तो फावडं धरून उभा होता, भट्टीत पाव करपायला लागल्याचा वास येत होता आणि तो ते काढत नव्हता.

"अहो," थोरली म्हणाली.

मग तो जमिनीकडे बघत बोलला. "मला वाटलं, तू हात काढलायस. गाडी निघायची वेळ झाली होती."

तो पुढं बोलत गेला, हळू, समजावल्यासारखा. सगळे आधीच धाकटीला बोलत होते, म्हणाला. आणि वर हेही, "तुमचं दोघींचं तसंही पटत नव्हतं. मी सांगून काय बदललं असतं?"

खरं तर तिथंच सगळं संपायला हवं होतं. पण थोरलीला काहीतरी आठवलं. तिनं डोळे बारीक केले.

"मी ओरडले तेव्हा तुम्ही पुढच्या दारानं आलात."

त्यानं फावडं या हातातून त्या हातात घेतलं.

"मागच्या दारानं गेलात आणि पुढच्या दारानं आलात."

"तिथूनच परत आत आलो असतो तर," तो म्हणाला, "सगळ्यांना कळलं असतं. म्हणून फिरून आलो."

बेकरीच्या मागून पुढं यायचं तर शेजारच्या दोन गोदामांना वळसा घालावा लागतो. मी ती वाट रोज बघते. बटण त्याच्यापासून एका उंबऱ्याच्या अंतरावर होतं, बायकोचा हात दांड्यात होता, आणि हा माणूस गोदामांना वळसा घालत होता. तेवढ्यात धाकटीनं वायर उपटली नसती तर पट्टेवालीला पट्टा बांधायला दंडही उरला नसता.

थोरलीनं हात उचलला नाही. मी वाट बघत होते, दीरही बघत असावा. तिनं नवऱ्याच्या हातातलं फावडं घेतलं, करपलेले पाव भट्टीतून ओढून त्याच्या पायाशी टाकले, आणि म्हणाली, "गाडी भर."

लग्नाला एवढी वर्षं झाली होती. त्या दिवशी पहिल्यांदा ती त्याला 'अहो' सोडून असं बोलली, आणि पुन्हा कधी 'अहो' म्हणाली नाही. गाडी आता तो चालवतो. भट्टी दीर बघतो. वरच्या खोलीतलं त्याचं अंथरूण तिनं त्याच दुपारी जिन्याखाली आणून टाकलं.

धाकटीची तिनं माफी मागितली नाही. मी एकदा सुचवलं तर माझ्याच अंगावर आली. तिनं ओरडून सांगायला हवं होतं, म्हणाली. मी म्हटलं, सांगितलं होतं की, आपण कुणी ऐकलं नाही. त्यावर तिनं आठ दिवस माझ्याशी अबोला धरला. धाकटीही काही मायेनं जवळ आली नाही. तिचा ओठ भरून यायला वेळ लागला आणि राग अजून निवलेला नाही. दोघी आता भांडतात, पण तोंडातोंडी. मीठ संपल्यावरून, घाणा चिवट झाल्यावरून, हॉटेलवाल्यांवरून. त्यांचे आवाज माझ्या शिवणयंत्राच्याही वर येतात. मोठा घाणा मशीनमध्ये होतो, छोटा थोरली काथवटीत मळते. मनगट पूर्ण वळत नाही, थंडीत हाडातले स्क्रू दुखतात. बटण कोठीतून काढून मशीनलाच बसवलं, ते धाकटीनं, कुणाला न विचारता.

शेवटच्या तपासणीला मी बरोबर गेले होते. पट्टेवालीनं दोन्ही दंड मोजले, पडद्यावरची रेघ बघितली आणि आता यायची गरज नाही म्हणाली. मग पट्टा गुंडाळता गुंडाळता तिनं विचारलं, दिलीत का थोबाडीत?

"दिली," थोरली म्हणाली. "चुकीच्या माणसाला."

पट्टेवालीला पुढं विचारायचं होतं, पण थोरली उठली होती. आभारही मानले नाहीत. दारात मात्र थांबली आणि उद्यापासून दवाखान्यात पाव पाठवते म्हणाली, जणू धमकीच देते आहे. आणि पाठवायला लागली.

तिचा नवरा गेल्या हिवाळ्यात एका दुपारी माझ्या दुकानात आला. शर्टाची कॉलर उलटवायची होती. कॉलर झिजलेली नव्हती, चांगली होती. तो बाकावर बसला, इकडचं तिकडचं बोलला, आणि मग म्हणाला, ती तुमचं ऐकते, माझ्यासाठी एक शब्द टाका.

मी म्हटलं, "कोणता टाकू?"

तो विचार करत बसला. खरंच विचार करत होता, खोटं नाही सांगत. मग दुसरं गिऱ्हाईक आलं, त्याला बसायला जागा हवी होती, तेव्हा तो शर्ट तिथंच ठेवून उठून गेला.